जुना ब्लॉक, नवा स्टेंट आणि पहिलं वर्ष

स्टेंट टाकून आठ-नऊ महिने झाले आणि जिना चढताना पुन्हा धाप लागली, की घरात पहिली चौकशी होते ती खाण्याची. लग्नात दोन जिलब्या जास्त झाल्या होत्या का, नाक्यावरचा वडापाव कुणाला न सांगता खाल्ला का, भातावर तूप कोणी वाढलं. रुग्णही मान खाली घालून कबुली देतो, कारण पथ्य अक्षरशः पाळणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पण पहिल्या वर्षात स्टेंटच्या आत वाढून धमनी पुन्हा अरुंद करणारी वस्तू बहुतेक वेळा चरबी नसतेच. धमनीच्या भिंतीला स्टेंट टाकताना इजा होते, ती भरून काढायला भिंतीतल्या स्नायुपेशी वाढतात आणि कधी कधी गरजेपेक्षा जास्त वाढतात. ही वाढ किती होणार हे ठरतं ते मधुमेहावर, धमनीच्या रुंदीवर, किती लांबीचे स्टेंट बसले यावर आणि कॅथ लॅबच्या टेबलावर ते किती नीट उघडले यावर. पथ्याचं महत्त्व आहेच, त्याची कारणं पुढे येतील. या गुन्ह्यात मात्र जिलबीला पकडून उपयोग नाही.

हे सगळ्याच स्टेंटना लागू आहे. पण ज्यांची धमनी बरीच वर्षं पूर्ण बंद होती आणि मग खटपटीने उघडली, त्यांच्या बाबतीत पुन्हा अरुंद होण्याचा धोका जास्त, म्हणून त्यांनी थोडं जास्त जाणून घ्यावं.

धमनी शंभर टक्के बंद, आणि तीही किमान तीन महिन्यांपासून, अशा ब्लॉकला हृदयरोगतज्ज्ञ ‘सीटीओ’ म्हणतात. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांची अँजिओग्राफी केली तर साधारण १५ ते २० टक्के लोकांत असा एखादा जुना ब्लॉक सापडतो. ‘शंभर टक्के बंद होती, तर मग अटॅक कसा आला नाही?’ हा नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न. ब्लॉक हळूहळू वाढत गेला, की शेजारच्या धमनीकडून येणाऱ्या बारीक वाहिन्या रुंदावतात आणि बंद धमनीच्या पुढच्या भागाला रक्त पोचवू लागतात. बसल्या जागी तेवढं रक्त पुरतं. बस पकडायला धावलं, पाण्याची घागर उचलली, की अपुरं पडतं. म्हणून या लोकांची तक्रार छातीत कळ येण्याची असतेच असं नाही. ‘पूर्वीसारखा दम राहिला नाही’, ‘चालताना जबडा भरून येतो’, ‘दुपारपर्यंतच गळून जायला होतं’ असं काहीतरी असतं, आणि वयावर ढकलून ते वर्षानुवर्षं सहन केलं जातं.

टेबलावर काय घडतं

आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली ती नुसत्या फुग्याने. तो रुग्ण नशीबवान, त्याची धमनी दहा वर्षांनंतरच्या तपासणीतही उघडीच होती. पण फुगा वापरलेल्या बाकीच्यांपैकी निदान तीनातल्या एकाची धमनी काही महिन्यांत पुन्हा आकसायची. १९८६ पासून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आला आणि आकसणं थांबलं. पण जाळीच्या आत पेशी वाढू लागल्या. जुन्या पूर्ण ब्लॉकमध्ये तर परिस्थिती फारच वाईट होती. नॉर्वेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले. त्यात नुसत्या फुग्यानंतर ७४ टक्के आणि साध्या स्टेंटनंतर ३२ टक्के रुग्णांत धमनी पुन्हा निम्म्याहून अधिक अरुंद झालेली होती. मग स्टेंटवर औषध लावण्याची कल्पना आली. पेशींची वाढ रोखणारं सिरोलिमस हे औषध मूळचं ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूंचं. कॅनडाच्या एका मोहिमेने १९६४ मध्ये ती माती गोळा केली होती आणि माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या चमूने तिच्यातून हे द्रव्य वेगळं काढलं. सिरोलिमस लावलेला स्टेंट आणि साधा स्टेंट यांची जुन्या पूर्ण ब्लॉकमध्ये तुलना करणारी चाचणी नेदरलँड्समध्ये झाली. २०० रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टेंटच्या आत पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण साध्या स्टेंटमध्ये ३६ टक्के होतं, औषधवाल्यात ७ टक्के. आज आपल्याकडे बसतात ते जवळपास सगळे औषधवालेच, आणि त्या पहिल्या पिढीपेक्षा सुधारलेले.

म्हणजे काळजी मिटली असं नाही. जुनी बंद धमनी वेगळी असते. ब्लॉक लांब असतो, त्यामुळे एकाला जोडून एक असे दोन-तीन स्टेंट लागतात. कॅल्शियम साचून भिंत दगडासारखी कडक झालेली असते. ब्लॉकच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं कमी रक्तावर जगल्याने आकसलेला असतो, म्हणून तिथे बारीक व्यासाचा स्टेंट निवडला जातो. रक्त सुरू झाल्यावर अनेकांत तोच भाग काही महिन्यांत रुंदावतो आणि तेव्हा निवडलेला स्टेंट लहान ठरतो. शिवाय कधी कधी तार ब्लॉकमधून सरळ जातच नाही. तिला धमनीच्या भिंतीच्या थरांमधून फिरवून पलीकडे पुन्हा मूळ मार्गात आणावं लागतं. कसलेले हात हे काम उत्तम करतात, पण अशा आडवाटेने बसलेल्या लांब स्टेंटला पुन्हा अडचण येण्याची शक्यता थोडी जास्त राहते.

या सगळ्यांत सुधारता येण्याजोगं सर्वांत मोठं कारण म्हणजे स्टेंट पुरता न उघडणं. कडक भिंतीत बसवलेला स्टेंट अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखा राहतो. अँजिओग्राफीच्या चित्रात तो ठीकठाक दिसतो, कारण ते चित्र म्हणजे धमनीची सावली. आतलं खरं मोजमाप कळतं ते आयव्हसने किंवा ओसीटीने. आयव्हसमध्ये धमनीच्या आत बारीक सोनोग्राफी होते, ओसीटीमध्ये प्रकाशाने आतली भिंत पाहतात. दक्षिण कोरियात जुन्या पूर्ण ब्लॉकच्या ४०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, आयव्हस वापरून स्टेंट बसवलेल्यांपैकी २.६ टक्के लोकांना वर्षभरात गंभीर त्रास झाला, न वापरलेल्यांपैकी ७.१ टक्क्यांना. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञ संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुंतागुंतीच्या ब्लॉकसाठी अशा आतल्या तपासणीची शिफारस सर्वांत वरच्या दर्जाची आहे.

त्यामुळे जुना पूर्ण ब्लॉक उघडायचं ठरत असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा, ‘आयव्हस किंवा ओसीटी वापरणार का?’ या प्रश्नात उद्धटपणा काही नाही. आपल्याकडे अनेकांना डॉक्टरांना काही विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं वाटतं. मला तसं वाटत नाही. खर्च वाढतो हे खरं, पण दुसऱ्यांदा कॅथ लॅबमध्ये जाण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: ‘हा ब्लॉक उघडून मला नेमका काय फायदा होईल?’ जुनी बंद धमनी उघडल्याने छातीचा त्रास आणि धाप कमी होते, जगणं सोपं होतं, हे युरोपातल्या चाचणीने २०१८ मध्ये दाखवलं. आयुष्य वाढतं असं मात्र आजवरच्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे स्टेंट पुन्हा अरुंद झाला तर निर्णय घेताना उपयोगी पडेल.

घरी परतताना कागद नीट घ्या. डिस्चार्ज कार्डावर ‘अँजिओप्लास्टी केली’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. कोणत्या धमनीत किती स्टेंट, प्रत्येकाचा व्यास आणि लांबी, कंपनी, बॅच क्रमांक आणि आयव्हस वापरलं की नाही, हे लिहून मागा. फेब्रुवारी २०१७ च्या सरकारी आदेशानुसार रुग्णालयाने बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवून ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांक द्यायचा असतो. स्टेंटच्या डब्यावरचं स्टिकर आणि अँजिओप्लास्टीची सीडी किंवा पेनड्राइव्ह जपून ठेवा. दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांसमोर बसल्यावर या सीडीइतकी मौल्यवान वस्तू घरात दुसरी नसते. आणि हो, स्टेंटमुळे एमआरआय करता येत नाही हा जुना गैरसमज आहे. आजच्या स्टेंटसह एमआरआय होतो, फक्त तपासणीआधी स्टेंट असल्याचं सांगायचं. विमानतळावरची मशीनही वाजत नाही.

हळूहळू आणि अचानक

‘स्टेंट बंद झाला’ असं म्हणताना लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. दोघींची चाल वेगळी असते, आणि म्हणून आपण काय करायचं हेही वेगळं.

पहिली, म्हणजे ज्याबद्दल हा लेख आहे ती, पेशींची वाढ. ती आठवड्याआठवड्याने वाढते. औषधवाल्या स्टेंटमध्ये तिचा जास्त धोका पहिल्या सहा ते बारा महिन्यांत असतो, पण त्यानंतरही हळूहळू होऊ शकते. काही वर्षांनी स्टेंटच्या आत नव्याने चरबीही साचते, आणि तिथे खाणं, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांचा हिशेब खरोखर लागतो. लक्षण एकच: पूर्वी जमणारं काम आता त्रास देतं. दुसरी गोष्ट म्हणजे स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी. ती मिनिटांत होते. बसल्या जागी छाती आवळते, घाम फुटतो, मळमळतं, जीव घाबरा होतो. हा हार्ट अटॅकच, आणि तो जिवावर बेततो. तिचं टाळता येण्याजोगं मुख्य कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मध्येच बंद करणं हे आहे.

हळूहळू होणारा बदल पकडायला आपल्या हातात एक साधन आहे. अँजिओप्लास्टीनंतर महिना-दीड महिन्यात तब्येत स्थिरावली की स्वतःचं एक माप ठरवून घ्या. सोसायटीचा तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना, घर ते भाजी मंडई, शेताच्या बांधापर्यंतची चढण, जे रोजचं असेल ते. किती वेळ लागला, कुठे थांबावं लागलं, हे वहीत किंवा मोबाइलवर लिहा. महिन्यातून एकदा तेच माप, तीच वेळ, शक्यतो जेवणानंतर नाही. मग पुढे ‘धाप लागते’ एवढं सांगण्याऐवजी ‘जूनमध्ये तीन मजले एका दमात चढत होतो, आता दुसऱ्यावर थांबावं लागतं, आणि हे पंधरा दिवस रोज होतंय’ असं डॉक्टरांना सांगता येतं. या एका वाक्याने निदान निम्मं होतं. अनुभवी डॉक्टर ईसीजीच्या आधी हेच ऐकायला उत्सुक असतात. मधुमेह असलेल्यांना छातीतली कळ जाणवतेच असं नाही, त्यांच्यासाठी तर हे माप अधिकच कामाचं.

माप घसरलं म्हणजे स्टेंटच अरुंद झाला असं मात्र नाही. तीन कारणं आधी तपासावीत. टिकाग्रेलॉर ही गोळी घेणाऱ्यांपैकी दहात एकाहून अधिक जणांना तिच्यामुळेच धाप जाणवते. ही धाप बहुधा गोळी सुरू केल्यावर लवकरच येते आणि बसलेलं असतानाही जाणवते. तरी स्वतः बंद करू नका, डॉक्टर पर्यायी गोळी देतात. दुसरं कारण हिमोग्लोबिन. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांमुळे पोटात थोडं थोडं रक्त झिरपत राहतं, शौच डांबरासारखं काळं होतं, आणि रक्त कमी झालं की जिना अवघड होतो. तिसरं, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळीचा डोस जास्त होणं. ईसीजी आणि रक्ताची साधी तपासणी, एवढ्यात यातलं बरंच उलगडतं, त्यासाठी अँजिओग्राफी लागत नाही.

चालताना होणारा त्रास थांबल्यावर दोन-चार मिनिटांत जात असेल, पण पूर्वीपेक्षा लवकर आणि वारंवार येत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. अगदी थोड्या कामाने किंवा रात्री झोपेत त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी. आणि बसल्या जागी आलेली कळ पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेटची गोळी बसून जिभेखाली ठेवा. उभ्याने घेतली तर रक्तदाब घसरून चक्कर येते. सिल्डेनाफिल जातीची लैंगिक शक्तीची गोळी २४ तासांत घेतली असेल, किंवा टाडालाफिल ४८ तासांत, तर सॉर्बिट्रेट घेऊ नका आणि हे अँब्युलन्समध्ये स्पष्ट सांगा. लाजेपायी लपवलेली ही माहिती फार महागात पडते. ‘ॲसिडिटी असेल, जरा ओवा खाऊन बघू’ यात रात्र घालवू नका. आणि स्वतः स्कूटरवर बसून दवाखाना गाठू नका.

तपासणी किती आणि केव्हा

कसलाही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी टीएमटी, वर्षाला एक थॅलियम, अशी पॅकेजं मिळतात आणि घरची मंडळी ‘एकदा करून टाकू’ म्हणतात. या सवयीला आता चांगला पुरावा उत्तर देतो. दक्षिण कोरियात गुंतागुंतीची अँजिओप्लास्टी झालेल्या १,७०६ रुग्णांपैकी निम्म्यांची वर्षाने ठरवून स्ट्रेस तपासणी केली, उरलेल्यांची फक्त गरज पडल्यास. दोन वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक किंवा त्रास वाढून भरती होण्याचं प्रमाण एका गटात ५.५ टक्के, दुसऱ्यात ६ टक्के, म्हणजे फरक नगण्य. २०२२ मध्ये हे निष्कर्ष आले. जुन्या पूर्ण ब्लॉकचे रुग्णही त्यात होते. त्रास नसेल तर आपलं चालण्याचं माप आणि डॉक्टरांची भेट पुरे. ज्याच्या कामावर इतरांचा जीव अवलंबून आहे, उदाहरणार्थ एसटीचा चालक, किंवा ज्याच्या हृदयाची ताकद आधीच कमी आहे, त्याच्याबाबत डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात.

त्रास असेल तर गोष्ट वेगळी. पट्ट्यावर चालण्याची टीएमटी स्वस्त आहे, पण स्टेंट झालेल्यांत ती गोंधळ घालते, कारण ईसीजी आधीच बदललेला असू शकतो आणि कोणती धमनी दगा देते ते कळत नाही. स्ट्रेस इको किंवा थॅलियम स्कॅन हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडतं ते दाखवतं. सीटी अँजिओग्राफीत तीन मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटच्या आतलं नीट दिसत नाही, आणि जुन्या ब्लॉकमधले स्टेंट अनेकदा बारीकच असतात. त्यामुळे त्रास ठळक असेल तर सरळ अँजिओग्राफी केलेली बरी.

रिपोर्टमध्ये अरुंदपणा दिसला तर

इथे घाईचा सर्वाधिक धोका असतो. रुग्ण टेबलावर, नातेवाईक बाहेर, आणि कागद पुढे येतो: ‘स्टेंटमध्ये ७० टक्के अडथळा आहे, आत्ताच करून घेऊ.’ हार्ट अटॅक चालू नसेल, तब्येत स्थिर असेल, तर थांबून विचार करायला वेळ असतो. रुग्णाला त्रास आहे का? त्या भागाला खरोखर रक्त कमी पडतंय का? मधल्या प्रमाणाचा अडथळा असेल तर दाब मोजणारी तार घालून तो रक्तप्रवाह किती रोखतो हे तिथेच मोजता येतं. त्रास नाही आणि प्रवाह पुरेसा आहे, तर औषधांवर राहणं हा पूर्ण सन्माननीय पर्याय आहे. आधी म्हटलं त्याप्रमाणे जुना ब्लॉक उघडला होता तो त्रास कमी करण्यासाठी. त्रासच नसेल तर कशासाठी जायचं? जुना ब्लॉक पुन्हा हळूहळू बंद झाला, तर बऱ्याचदा शेजारच्या बारीक वाहिन्या पुन्हा कामाला लागतात आणि माणूस पूर्वीच्या स्थितीत येतो. नेहमीच असं होतं असं नाही, काहींना अटॅकही येतो, म्हणून लक्षणं वाढली की वेळ घालवायचा नाही.

उघडायचं ठरलं, तर आधी कारण शोधा आणि मगच उपाय. या टप्प्यावर आयव्हस किंवा ओसीटी जवळपास अपरिहार्य मानावं. स्टेंट पुरता उघडलाच नव्हता असं दिसलं, तर त्यात दुसरा स्टेंट कोंबून फायदा नाही. जास्त दाबाच्या फुग्याने किंवा ध्वनिलहरींनी कॅल्शियम फोडणाऱ्या फुग्याने तो आधी उघडावा लागतो. नुसत्या पेशी वाढल्या असतील, तर औषध लावलेला फुगा किंवा नवा औषधवाला स्टेंट हे दोन रस्ते. औषधी फुग्याचा फायदा म्हणजे धमनीत धातूचा आणखी एक थर राहत नाही. अमेरिकेत स्टेंट पुन्हा अरुंद झालेल्या ६०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, औषधी फुगा वापरल्यावर वर्षभरात त्याच जागी पुन्हा गंभीर अडचण आली ती १७.९ टक्क्यांना, साध्या फुग्यानंतर २८.६ टक्क्यांना. आपल्याकडे औषधी फुगा अमेरिकेच्या आधीपासून वापरात आहे. एकाच जागी दोन थर स्टेंट झालेले असतील आणि पुन्हा तेच घडलं, तर तिसरा थर घालण्याआधी बायपासच्या सर्जनचं मत घ्या. मधुमेह आणि दोन-तीन धमन्यांचा आजार असेल तर बायपासचं पारडं मुळातच जड असतं. बायपास म्हणजे अँजिओप्लास्टीची हार, असं समजण्याचं कारण नाही.

गोळ्या

ॲस्पिरिन आणि दुसरी गोळी, म्हणजे क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल, या दोन्ही साधारण सहा महिने, आणि स्टेंट हार्ट अटॅकच्या वेळी बसला असेल तर वर्षभर. लांब, जोडून बसवलेले स्टेंट असतील तर डॉक्टर हा काळ वाढवू शकतात. रक्तस्रावाचा धोका असेल तर कमीही करतात. त्यानंतर एक गोळी कायम. या गोळ्या पेशींची वाढ थांबवत नाहीत, गुठळी थांबवतात. म्हणून ‘आता बरं वाटतं’ हे त्या बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही.

दात काढायचा असेल तर गोळ्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत. मोतीबिंदूलाही नाही. हर्निया, गुडघा यांसारखी पुढे ढकलता येणारी ऑपरेशनं पहिले सहा महिने टाळावीत. टाळणं अशक्य असेल तर सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवावं, तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. क्लोपिडोग्रेलसोबत पोटासाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेऊ नका, पँटोप्राझोल चालतं. मेडिकलवाल्याने ‘सेमच आहे’ म्हणून बदलून दिलेली गोळी तपासून घ्या. एकादशी असो वा रोजा, गोळीचा उपास नको. वेळ कशी जुळवायची ते आधी विचारून ठेवा.

आषाढी वारीचा प्रश्न दरवर्षी येतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि पुणं सुटलं की लगेच दिवे घाट. माप व्यवस्थित आहे, त्रास नाही, डॉक्टरांनी होकार दिला, तर जायला हरकत नाही. पण वारीत जाणाऱ्यांचं चालणं सहसा बिघडत नाही, गोळ्यांची वेळ बिघडते. पूर्ण दिवसांच्या गोळ्या आणि वर चार दिवसांच्या जादा गोळ्या अंगावरच्या पिशवीत ठेवा, ट्रकमधल्या सामानात नको.

स्टॅटिनची गोळी स्टेंटच्या आतल्या पेशींची वाढ फारशी रोखत नाही. तरीही ती आयुष्यभराची, कारण बाकीच्या धमन्या आणि पुढच्या वर्षांत स्टेंटमध्येच साचणारी नवी चरबी तिच्या हातात आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आणणं हे लक्ष्य. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून समाधान मानू नका, लॅबच्या छापील नॉर्मलचा आकडा तुमच्यासाठी नाही. साखरेवर मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण पहिल्या वर्षात पुन्हा अरुंद होण्याशी सगळ्यात घट्ट नातं मधुमेहाचं. तंबाखू म्हटलं की पुरुषांच्या विडी-सिगारेटची आठवण होते. आमच्याकडे कितीतरी घरांत बायका सकाळी मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी विचारल्यावर ‘व्यसन काही नाही’ म्हणून सांगतात. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती बंद झालीच पाहिजे.

ब्लॉक विरघळवणारा काढा, ड्रिपमधून धमन्या धुणारी चिलेशन थेरपी, यांच्या जाहिराती स्टेंट अरुंद झाल्याची बातमी पसरली की कुठूनतरी घरी येतातच. चिलेशनवरची दुसरी मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, मधुमेही हृदयरुग्णांना काही फायदा दिसला नाही. काढ्यावर श्रद्धा असेल तर निदान डॉक्टरांना सांगून घ्या, कारण काही वनस्पती रक्त आणखी पातळ करतात. गोळ्यांऐवजी मात्र कधीच नको.

खर्चाचं

केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा स्टेंट ७,२६० रुपये आणि औषधवाला २९,६०० रुपये. त्याआधी औषधवाल्या स्टेंटचं बिल लाखाच्या पुढे जायचं. हे आकडे नंतर वेळोवेळी बदलत आले, बिल करताना चालू दर विचारा. आयव्हस, औषधी फुगा, कॅल्शियम फोडणारा फुगा यांचा खर्च वेगळा असतो आणि तो मोठा असू शकतो, म्हणून लेखी अंदाजपत्रक आधी घ्या. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, पूर्वमंजुरीचे कागद तो पाहतो. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. दुसऱ्यांदा अँजिओप्लास्टी करायची असेल तर आधीची सीडी आणि स्टेंटचे तपशील मंजुरीसाठी मागितले जाऊ शकतात, तेव्हा ते शोधत बसायला लागू नये. खासगी विमा असेल तर पहिल्या अँजिओप्लास्टीची तारीख लपवू नका, दावा त्यावरच नाकारला जातो.

दुसऱ्यांदा भरती होताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत असू द्या. जुन्या ब्लॉकवरचं काम लांबतं, रंगद्रव्य जास्त लागतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती किती दिवस थांबवायची, आणि घरी आल्यावर क्रिएटिनिन पुन्हा कधी तपासायचं, हे डिस्चार्जच्या वेळी लिहून घ्या.